आधी स्कोअरबुक उघडा

पत्राचा आशय: एका हौशी क्रिकेट क्लबच्या प्रशिक्षकांचं पत्र आहे. दोन वर्षांपासून ते क्लबचा १३ वर्षांखालील संघ विनामोबदला सांभाळतात. यंदा लीगमध्ये वीस षटकांचे बारा सामने झाले, त्यांतले तीन जिंकले, नऊ हरले. गुणतक्त्यात संघ खालून दुसरा आला. पटावर १९ मुलं होती, हंगाम संपेपर्यंत तिघं यायची थांबली. त्यांत एक मुलगी. संघातल्या सर्वांत भरवशाच्या वेगवान गोलंदाजाची कंबर दुखते आहे. तो शनिवारी मुलांच्या संघात आणि रविवारी मोठ्यांच्या तिसऱ्या संघात खेळतो, कारण तिथे दर आठवड्याला माणसं कमी पडतात. काही पालक म्हणतात, चांगले अकरा निवडा आणि तेच खेळवा. बाकीचे म्हणतात, आमच्या मुलाला खेळवलंतच कुठे? तीन आठवड्यांवर वार्षिक सभा आहे आणि कार्यकारिणीचा कल 'ठरलेले अकरा' या बाजूला आहे. "हंगाम वाया गेला हे मान्य करून कडक निवड सुरू करू, की संघ दुसऱ्या कुणावर सोपवून मोकळा होऊ?" असं त्यांनी विचारलंय. पत्रासोबत हजेरीचा तक्ता, जन्मतारखांची यादी आणि हरलेल्या चार सामन्यांची स्कोअरबुकची पानं आहेत.

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक काम सांगतो, ते सभेपर्यंत थांबणार नाही. त्या मुलाची गोलंदाजी आजपासून बंद करा आणि त्याच्या पालकांना सांगून त्याला हाडांच्या किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे पाठवा. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाची कंबर दुखते तेव्हा ती 'लचकली असेल' असं धरून चालायचं नसतं. कमरेच्या खालच्या मणक्यांत, बहुतेक वेळा चौथ्या किंवा पाचव्यात, पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाने बारीक तडा जाऊ शकतो. दुखणं साधारणपणे एका बाजूला असतं, उजव्या हाताने टाकणाऱ्याला बरेचदा डाव्या बाजूला, आणि मागे वाकलं की वाढतं. साध्या एक्स-रेत तो तडा दिसेलच असं नाही, एमआरआयमध्ये दिसतो. लवकर सापडला तर विश्रांतीने हाड भरून येतं. पट्टा बांधून, स्प्रे मारून अर्धा हंगाम रेटला तर मात्र तेच प्रकरण फार लांबतं.

तुम्ही लिहिलंय की त्याला कधी नियमाबाहेर टाकू दिलं नाही. खरं आहे. इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्डाच्या मार्गदर्शनात १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये (सलग टाकायच्या टप्प्यात) ५ आणि दिवसात १० षटकं ही मर्यादा आहे, १५ वर्षांखालच्याला ६ आणि १२. तुमच्या या गोलंदाजाने शनिवारी ४ टाकली, रविवारी ८. दोन्ही दिवस मर्यादेत. पण आठवड्यातून दोनदा नेट्स आहेत, आणि तुमच्याच अंदाजाने तो प्रत्येक वेळी पन्नासेक चेंडू टाकतो. म्हणजे सामन्यांतले ७२ आणि नेटमधले १००, वर वाइडबद्दल पुन्हा टाकलेले वेगळेच. आठवड्याला अठ्ठावीस-एकोणतीस षटकं होतात. दिवसाचा नियम पाळला गेला, आठवड्याचा हिशेब कुणीच ठेवला नाही, कारण शनिवारचा कर्णधार वेगळा, रविवारचा वेगळा आणि नेट्सला मोजतं कोण? पुढच्या हंगामात वेगवान गोलंदाजांसाठी एकच वही ठेवा. त्यात नेटमधला चेंडूही चेंडूच धरायचा. मुलगा बरा होऊन परतला की एकदम पूर्वीच्या आकड्यावर नेऊ नका, डॉक्टर सांगतील त्या टप्प्यांनी वाढवा. भार अचानक उडी मारतो तेव्हाच पुन्हा दुखापत होण्याचा धोका जास्त. आणि रिकाम्या महिन्यांत कुणा जाणकाराकडून त्याची अॅक्शन पाहून घ्या. टाकताना खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे वळत असेल तर कमरेला पीळ बसतो.

आता तुमचा प्रश्न. कडक व्हायचं की सोडायचं, असे दोनच रस्ते तुम्हाला दिसतायत. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: मुलं कच्ची म्हणून हरलो, आणि हरलो म्हणून मुलं गेली. तुम्हीच पाठवलेले कागद मात्र काही वेगळं सांगतात.

हजेरीचा तक्ता घेऊया. बारा सामने, प्रत्येकी अकरा, म्हणजे हंगामात खेळण्याच्या १३२ जागा. १९ मुलांत समान वाटल्या असत्या तर प्रत्येकाला जवळपास सात सामने मिळाले असते. तुमच्याकडे सहा जण सगळे बाराही सामने खेळले. ७२ जागा तिथेच संपल्या. उरल्या ६०, त्या तेरा जणांत. सरासरी पाचही येत नाही. जी तिघं थांबली ती खेळली होती दोन, तीन आणि दोन सामने. त्या मुलीच्या दोन सामन्यांपैकी एक तुमच्या पानांत सापडला. दहाव्या क्रमांकावर तिचं नाव, पुढे 'फलंदाजी नाही'. खाली गोलंदाजीच्या रकान्यात सात नावं आहेत, तिचं नाही. झेल नाही, धावबाद नाही. म्हणजे ती सकाळी उठून पांढरे कपडे घालून आली, वीस षटकं उभी राहिली आणि वीस षटकं बसली. तो सामना तुम्ही जिंकला असता तरी तिच्या दिवसात काय फरक पडला असता?

ती हरण्याला कंटाळून गेली असं मला वाटत नाही. ती मुळात खेळलीच नव्हती.

जन्मतारखांची यादी याहून बोलकी आहे. ज्या सहा जणांवर सगळा हंगाम उभा होता, त्यांतले चार या वयोगटातल्या वरच्या वर्षाचे, आणि त्यातही वयाच्या कट-ऑफ तारखेनंतर पहिल्या तीन-चार महिन्यांत जन्मलेले. थोडक्यात, ते गटातले सर्वांत मोठे होते. बाराव्या-तेराव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक म्हणजे खांद्यात, उंचीत आणि चेंडू किती लांब फेकता येतो यात दिसणारा फरक. जगभरच्या वयोगटांच्या खेळांत हे घडतं: आधी जन्मलेला 'गुणी' दिसतो, त्याला जास्त संधी मिळते, संधीने तो खरंच पुढे जातो आणि आपण म्हणतो, बघा, ओळखला होता ना. 'चांगले' आणि 'कच्चे' हे शिक्के मारताना तुमच्या मनात यातलं किती होतं, ते एकदा यादी समोर ठेवून तपासा. दोष देत नाही. निवड करताना जन्मतारीख कुणी पाहत नाही, चेंडू किती जोरात येतो ते पाहतात.

आणि आता व्यवहाराची गोष्ट. हे चौघे पुढच्या हंगामात १३ वर्षांखाली बसणार नाहीत. तीन गेली, चार वर गेले, उरले बारा. त्यांतले दहा जण असे की ज्यांना यंदा सरासरी पाचच्या आसपास सामने मिळाले. 'ठरलेले अकरा' म्हणताना कार्यकारिणीच्या डोळ्यांसमोर जे चेहरे आहेत, त्यांतले मुख्य चार पुढच्या वर्षी या संघात नसतीलच! हा मुद्दा सभेत पहिल्या पाच मिनिटांत मांडा. संधी सगळ्यांना का द्यायची यावर तासभर वाद होऊ शकतो, पण बारातून अकरा निवडायला कडक धोरण कशाला लागतं?

पराभवांचं काय, हे विचाराल. चार पानं चेंडू-चेंडू पाहिली. पहिला सामना १४ धावांनी गेला. तुम्ही वाइडच्या दिल्या २९, समोरच्यांनी १२. दुसरा २२ धावांनी. तुमच्या ३४, त्यांच्या १५. तिसरा ९ धावांनी. २६ आणि १४. लक्षात घ्या, वाइडची धाव हा निम्माच तोटा आहे. पहिल्या सामन्यात २६ वाइड चेंडू पडले (तीन धावा वाइडवर पळून निघाल्या), आणि तुमच्या लीगमध्ये वाइड पुन्हा टाकावा लागतो. म्हणजे समोरच्यांना २६ चेंडू जादा मिळाले, चार षटकं आणि वर दोन चेंडू. षटकाला चारची गती धरली तरी आणखी सतरा धावा. वीस षटकांचा सामना तुम्ही चोवीस षटकांचा करून दिलात. त्यांच्याही वाइडने तुम्हाला जादा चेंडू मिळाले हे धरूनसुद्धा, या तीन सामन्यांत फलंदाजी कमी पडली असं म्हणायला मला आधार सापडत नाही. नवल म्हणजे तुमच्या चार पानी पत्रात 'वाइड' हा शब्द एकदाच येतो आणि 'चुकीचे फटके' सहा वेळा.

चौथा सामना वेगळा. ६१ धावांनी हार, १३.४ षटकांत सर्व बाद ४७, त्यांत तीन धावबाद. ३८ चेंडू न खेळताच डाव संपला. इथे वाइडला दोष देता येणार नाही.

वाइड का पडतात? या वयात कारणं बहुधा साधी असतात. एक, चेंडूच जड. लहान मुलांचा चेंडू १४० ग्रॅमच्या आसपास असतो, मोठ्यांचा १५६ ते १६३. सामन्यात तुमची मुलं लहान चेंडूने खेळतात, पण सरावाला काय वापरता? बहुतेक क्लबांत मोठ्यांच्या सामन्यांतले जुने चेंडू मुलांच्या नेटमध्ये येऊन पडतात. हात लहान, चेंडू मोठा, तो बोटांत नीट बसत नाही, तळव्यातून सुटतो. पिशवी उपडी करून वेगळे करा. वजनाची खात्री नसेल तर स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

दोन, अंतर. पूर्ण पीच २०.१२ मीटरचं. क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या मुलांच्या रचनेत दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे साधारण याच वयाला, पीच १८ मीटरचं आणि संघ नऊ जणांचा असतो. त्याआधीच्या टप्प्यात १६ मीटर आणि सात जण. चेंडू पोचवण्यासाठी झेप घ्यावी लागली नाही की मुलं तो सरळ टाकतात, फलंदाजाला खेळण्याजोगा चेंडू मिळतो आणि यष्टिरक्षकालाही काम उरतं. लीगमध्ये अंतर बदलणं तुमच्या हातात नाही, सरावात आहे. लहान मुलांसाठी १८ मीटरवर दुसरी क्रीझ आखा आणि नेम बसेल तसं मागे सरका.

तीन, रन-अप. 'इथून कुठून तरी' धावत येणारा मुलगा क्रीझपाशी पोचताना पावलं आखडतो किंवा उडी लांबवतो, आणि डोकं ऑफ साइडला कलंडलं की चेंडू लेगला जातो. रन-अप असा मोजा: मुलाला पॉपिंग क्रीझवर (स्टंपांपुढच्या रेघेवर) फलंदाजाच्या स्टंपांकडे पाठ करून उभा करा, उलट दिशेने मोकळा धावायला लावा आणि चेंडूशिवाय अॅक्शन करायला सांगा. पुढचा पाय कुठे पडतो तिथे दुसऱ्याने खूण करायची. असं सहा वेळा. खुणा जिथे दाटीने पडतील ती त्याची जागा. तिथून क्रीझपर्यंतचं अंतर त्याच्याच पावलांनी मोजून त्याला पाठ करायला लावा. या वयाला दहा-बारा पावलांहून लांब रन-अप मी देणार नाही.

दोष नेमका कुठे आहे ते शोधायची सोपी युक्ती सांगतो. सहा चेंडू क्रीझवर उभ्यानेच, सहा तीन पावलांवरून, सहा पूर्ण रन-अपने. उभ्याने आणि तीन पावलांवरून सरळ पडतात आणि पूर्ण रन-अपने वाइड जातात, तर अॅक्शनला हात लावू नका, धावणं सुधारा. उभ्यानेही वाइड जात असतील तर पुढचा हात आणि डोकं पाहा.

आणि चौथं कारण, जे मैदानात कुणाच्याच लक्षात येत नाही: नेटमध्ये वाइड कुणी देत नाही. लेगला चार फूट बाहेर गेलेला चेंडू बाजूची जाळी अडवते, मुलगा तो उचलून पुन्हा रांगेत लागतो. त्याच्या दृष्टीने तो चेंडू 'टाकून झाला'. मधल्या स्टंपपासून ऑफ साइडला साधारण ९० सेंटिमीटरवर चुन्याची रेघ मारा. मोठ्यांच्या एकदिवसीय सामन्यांत वाइडची जी खूण असते, तिचंही अंतर तेवढंच. लेगला पॅडच्या बाहेर गेला की वाइड. पंचाच्या जागी एका मुलाला उभा करा आणि त्याला हात पसरून वाइड द्यायला लावा. मुलांना हे काम भलतंच आवडतं. रांगेत एकेक चेंडू टाकण्याऐवजी प्रत्येकाने सलग सहा वैध चेंडूंचं षटक टाकायचं, वाइड गेला तर पुन्हा. मग पहिल्यांदा त्याला कळतं की आपलं षटक नऊ चेंडूंचं आहे. कागदावर लिहून ठेवा: तारीख, नाव, षटक किती चेंडूंत संपलं. सहा आठवड्यांनी हा कागद सरासरीच्या कुठल्याही तक्त्याहून जास्त शिकवतो.

धावबादचं थोडक्यात. चेंडू फलंदाजाच्या पुढे गेला तर हाक स्ट्रायकरची, मागे गेला तर नॉन-स्ट्रायकरची. हाका तीनच, 'यस', 'नो', 'वेट', आणि 'वेट'नंतर उरलेल्या दोनपैकी एक द्यायचीच. वळताना चेंडूकडे तोंड करून वळायचं, त्यासाठी बॅटचा हात बदलावा लागतो. हे सवयीने येतं. प्रत्येक सरावात दहा मिनिटं, पॅड बांधून.

आता निवड. तुमच्यापुढचे रस्ते मी असे पाहतो. ठरलेले अकरा खेळवलेत तर कदाचित दोन सामने जास्त जिंकाल, आणि बाहेर बसलेल्यांतले आणखी काही जण जातील. मग एखाद्या शनिवारी दोघं आजारी पडली की संघ नऊचा. उलट टोकाला, सगळ्यांना सगळं अगदी समान दिलंत तर तयार मुलं कंटाळतात, आणि ज्याचा चेंडू अजून समोर पोचत नाही त्याला शेवटचं षटक देऊन तुम्ही त्याचाच तमाशा करता. दोन संघ उतरवण्याइतकी मुलं तुमच्याकडे नाहीत, पण शेजारच्या एखाद्या क्लबशी नऊ-नऊ जणांचे चार मैत्रीपूर्ण सामने ठरवता येतील. जो लीगच्या अकरांत नव्हता तो तिथे आधी.

मी निवडेन तो मधला रस्ता, पण आकड्यांत बांधलेला. 'सगळ्यांना संधी देऊ' हे वाक्य दर वर्षी प्रत्येक क्लबात म्हटलं जातं आणि तिसऱ्या सामन्यात विरतं. ११ वर्षांखालून पाच मुलं वर आली तर तुमची १७ होतील; १३२ भागिले १७, पावणेआठ. म्हणून कुणालाही दहापेक्षा जास्त सामने नाहीत, आणि जो सरावाला नियमित येतो त्याला सहापेक्षा कमी नाहीत. ही एक अट. दुसरी अशी की ज्या सामन्यात मुलगा अकरांत आहे, त्यात तो एकतर पहिल्या सहांत फलंदाजी करेल किंवा किमान दोन षटकं टाकेल. हे जमतं का? जमतं. पहिले सहा फलंदाज, यष्टिरक्षक त्यांतलाच. उरलेल्या पाच जणांची दोन-दोन षटकं म्हणजे दहा. बाकीची दहा तुमच्या मुख्य गोलंदाजांत वाटा, चार, तीन, तीन.

हे फसतं कुठे तेही सांगतो. कच्च्या गोलंदाजाची दोन षटकं कर्णधार पुढे ढकलत राहतो आणि सामना हातचा गेल्यावर अठरावं-एकोणिसावं षटक त्याला देतो. मुलाला ते बरोबर कळतं. ती षटकं सहाव्या ते चौदाव्या दरम्यानच टाकून घ्या, आणि नाणेफेकीआधी कर्णधाराच्या हातात कागद द्या. फलंदाजीतही तेच: मागच्या सामन्यात पहिल्या चारांत होते ते पुढच्या सामन्यात सातच्या खाली. पंचवीस धावांवर फलंदाजाला निवृत्त करायचं, म्हणजे बाद नसताना परत बोलवायचं असेल तर लीगचे नियम आधी वाचा. तिथे तरतूद नसेल तर क्रिकेटच्या कायद्यानुसार आजार-दुखापतीशिवाय निवृत्त झालेला फलंदाज समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय परत येऊ शकत नाही, तो 'निवृत्त, बाद' धरला जातो.

याची किंमत आहे. एखादा सामना यामुळेच हराल. एखादा तयार मुलगा दुसऱ्या क्लबात जाईलही. त्याच्यासाठी एवढं करता येतं की त्याला सोपं काम न देता अवघड द्यायचं: आठव्या क्रमांकावर, तीन षटकांत वीस हवे असताना, किंवा अधूनमधून १५ वर्षांखालच्या संघात, भाराची वही सांभाळून. खालच्या गटात घसरण्याची भीतीही तुम्ही लिहिलीय. नऊपैकी किती सामने एकतर्फी झाले ते मोजा. बरेच असतील तर खालचा गट या मुलांना मानवेल.

मोठ्यांच्या तिसऱ्या संघाला माणसं का मिळत नाहीत, याचं उत्तरही या हजेरीच्या तक्त्यात आहे, फक्त पाच-सहा वर्षांनी मागे जाऊन पाहायला हवं. तिसऱ्या संघात खेळणारा माणूस म्हणजे बाराव्या वर्षी 'बरा' होता आणि तरीही टिकला, असा मुलगा. तो टिकला नाही तर शनिवारी रात्री फोनवर फोन करत बसायचं. सभेत मोठ्यांच्या कर्णधाराला बोलायला लावा, तो तुमच्या बाजूने बोलेल. मात्र तोवर १३ वर्षांखालच्या मुलाला तिथे उसना देत असाल तर हेल्मेट सक्तीचं, पालकांची लेखी संमती, आणि फलंदाजाच्या जवळ क्षेत्ररक्षण नाही. इंग्लंडच्या मार्गदर्शनात या वयाला ते किमान अंतर ११ यार्ड, सुमारे दहा मीटर आहे.

सभेला एकच पान न्या. त्यावर प्रत्येक मुलापुढे चार आकडे: सामने, खेळलेले चेंडू, टाकलेली षटकं, टाकलेले वाइड. खेळलेले चेंडू तुमच्या वहीत मिळणार नाहीत, कारण तुमचे स्कोअरर फलंदाजापुढे फक्त धावा लिहितात, निर्धाव चेंडूचा ठिपका देत नाहीत. यंदापुरता कोणत्या षटकात आला आणि कोणत्या षटकात गेला यावरून अंदाज काढा. पुढच्या हंगामात ठिपके सुरू करा. सरासरी छापू नका. दहाव्या क्रमांकावर तीनदा नाबाद राहिलेल्याची सरासरी फुगते आणि सलामीला येऊन नवा चेंडू झेलणाऱ्याची पडते. त्यावरून बक्षीस दिलंत की चुकीच्या मुलाला टाळ्या मिळतात. बक्षीस द्यायचंच असेल तर षटकामागे सर्वांत कमी वाइडचं द्या.

पालकांना हंगामाआधी तेच दोन नियम लेखी द्या, म्हणजे शनिवारी सीमारेषेवर वाटाघाटी होत नाहीत. ज्यांचा आवाज सर्वांत मोठा, त्यांना स्कोअरिंग शिकवा. प्रत्येक चेंडू टिपणाऱ्याला ओरडायला सवड नसते.

मुलांशी मात्र एकेकट्याने बोला, पालक बाजूला नसताना, पाच-पाच मिनिटं. 'कसा गेला हंगाम?' असं विचारलंत तर 'छान' एवढंच ऐकू येईल. 'तुला कुठला चेंडू आठवतो?' विचारा. 'काय करून बघायचं राहिलं?' विचारा. एखादा यष्टिरक्षक म्हणेल की मला कधीतरी गोलंदाजी करायची होती, बाराही सामने ग्लोव्ह्ज माझ्याच हातात. थांबलेल्या तिघांना फोन करायची घाई करू नका. आधी कार्यकारिणीने दोन्ही अटी मान्य करू देत. मग फोन करा, का गेलात हे विचारू नका, फक्त सांगा: पुढच्या हंगामात किमान सहा सामने, आणि प्रत्येकात दोन षटकं किंवा पहिल्या सहांत फलंदाजी. अटी नामंजूर झाल्या तर फोन करूच नका. तेच आश्वासन दुसऱ्यांदा मोडायला नको.

राहिला तुमचा राजीनामा. तुम्ही खेळाला कंटाळलायत असं पत्रातून वाटत नाही. कंटाळलायत ते शुक्रवारी रात्री अकरा जणांना निरोप धाडायला, किट गाडीत भरायला, पंचगिरी करायला आणि त्यातच गोलंदाज बदलायला. ही चार माणसांची कामं आहेत. सभेत अटींसोबत तीन नावं मागा: एक किट आणि निरोपांसाठी, एक स्कोअरिंगसाठी, एक पंचगिरीसाठी. ती मिळाली तर आणखी एक हंगाम करून बघा. नाही मिळाली तर सोडा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त सभेतच सांगा, हंगामाच्या मध्यात नको, आणि जाताना भाराची वही आणि ते एक पान पुढच्या माणसाच्या हातात द्या.

हो, आणि स्कोअरबुक सभेला नेण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. अशा वह्या सभेनंतर हमखास कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत राहतात आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या नाणेफेकीपर्यंत सापडत नाहीत.